हलतं झाकण

भैरू पार्टे यांची मुलगी प्रोटीनमध्ये डॉक्टर होतेय ही बातमी कांदा-बटाटा मार्केटात पसरली, तेव्हा त्याचा पहिला परिणाम असा झाला की माथाडींच्या टोळीतली जिमला जाणारी पोरं भैरूंच्या मागे लागली. कुठल्या कंपनीचा डबा चांगला, तो दुधातून घ्यायचा की पाण्यातून, केस गळतात का, अशा शंका ते घरी घेऊन यायचे आणि जेवताना तेजश्रीसमोर मांडायचे. तेजश्रीने त्यांना बरेचदा सांगून पाहिलं की ती डब्यातल्या पावडरीवर काम करत नाही. शेवटी तिने सांगायचं सोडलं आणि उत्तर ठरवून टाकलं, की डाळ खा, अंडी खा, डबा नको. हे उत्तर मार्केटात फार वजनदार ठरलं. एका व्यापाऱ्याने तर डबा परत केला म्हणे.

भैरू जावळी तालुक्यातले. तरुणपणी मुंबईला आले, गोणी उचलायला लागले, आणि मार्केट नव्या मुंबईत आलं तसे तेही आले. कोपरखैरण्याला माथाडी वसाहतीत त्यांचं घर. तेजश्री तिथेच वाढली. लहानपणापासून तिला यंत्रं उघडून बघायची खोड होती. मिक्सर, टेबलफॅन, शेजारच्यांचा रेडिओ, काही तिच्या हातून सुटलं नाही. आई बाळाबाई म्हणायची, "ही पोरगी उघडती लई, पन बंद करताना एक स्क्रू हमखास उरतो." पुढे तिने वाशीच्या कॉलेजातून फिजिक्समध्ये एमएस्सी केली ती याच ओढीने. जीवशास्त्राशी तिचा संबंध दहावीत बेडकाच्या आकृतीपर्यंत आला आणि तिथेच संपला, असं तिला वाटत होतं.

खारघरला डोंगराच्या पायथ्याशी एक संशोधन संस्था आहे. तिथे उन्हाळी प्रशिक्षणासाठी एक्स-रे यंत्रावर काम शिकायला मिळेल, एवढं वाचून तिने अर्ज केला होता. यंत्र मिळालं, पण त्याच्यासमोर ठेवायची वस्तू तिला स्वतः तयार करावी लागली. डॉ. सुचित्रा खानोलकर तिथल्या प्रमुख. पन्नाशी ओलांडलेल्या, कमी बोलणाऱ्या, कायम पांढऱ्या कोटाच्या खिशात हात घालून चालणाऱ्या. त्यांनी तिला अंड्याच्या पांढऱ्यातून काढलेलं एक प्रोटीन दिलं आणि सांगितलं, मिठाच्या पाण्यात याचे क्रिस्टल वाढव. दुसऱ्या दिवशी सकाळी तेजश्रीने सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. थेंबात बारीक, टोकदार, काचेसारखे खडे बसले होते आणि फिरवलं की त्यांतून निळा, पिवळा, जांभळा रंग झळकत होता.

घरी जाऊन तिने हे आईला सांगितलं.

"अंड्यातलं पांढरं?" बाळाबाईने विचारलं.

"हो."

"मग पिवळ्याचं काय करता?"

पिवळ्याचा विचार तेजश्रीने केलाच नव्हता. पण त्या खड्यांनी ती धरली गेली ती कायमची. उन्हाळा संपला, ती परत गेली नाही. आधी प्रकल्प सहायक, मग परीक्षा, मुलाखत, आणि मग पीएचडी, सगळं तिथेच आणि खानोलकर मॅडमकडेच.

तिच्या वाट्याला आलेलं प्रोटीन हे एका चिवट जिवाणूतलं. आपण अँटिबायोटिक घेतो, आणि हे प्रोटीन ते औषध पकडून मधोमध तोडतं. जिवाणू मरत नाही, रोगी बरा होत नाही. ते तोडतं कसं हे कळलं, तर त्याला न तुटणारं औषध बनवण्याचा विचार करता येईल. आता प्रोटीन म्हणजे मण्यांच्या लांब माळेसारखं असतं, आणि ती माळ एका ठरावीक पद्धतीने गुंडाळून बसते. त्या गुंडाळीतच तिचं काम दडलेलं. गुंडाळी इतकी बारीक की कुठल्याही साध्या सूक्ष्मदर्शकात दिसत नाही. म्हणून त्याचे क्रिस्टल करायचे, त्यांच्यावर एक्स-रे सोडायचे, पलीकडे पडणारे हजारो ठिपके मोजायचे आणि त्यांवरून उलटा हिशेब मांडून आकार काढायचा. एक्स-रेच्या माऱ्यात क्रिस्टल टिकावा म्हणून तो द्रवरूप नायट्रोजनच्या गारठ्यात गोठवतात. सगळं जग असंच करतं.

तेजश्रीनेही तसंच केलं आणि दुसऱ्या वर्षाच्या शेवटी तिच्या हाती आकार आला. इतका स्वच्छ की एकेक अणू बोटाने दाखवावा. मॅडमनी तिला शाबासकी दिली, म्हणजे मान हलवली. आणि त्याच आकारात तिची पुढची सगळी पंचाईत होती.

प्रोटीनच्या पोटात एक खोबण होती. औषध तिथे बसून तुटत असणार हे उघड होतं. पण त्या खोबणीवर माळेचा एक छोटा वळसा झाकणासारखा गच्च बसला होता. आत जायला वाट म्हणून नव्हती. हैदराबादच्या एका परिषदेत तिने आपलं पोस्टर लावलं, तेव्हा एक ज्येष्ठ शास्त्रज्ञ त्यासमोर बराच वेळ उभे राहिले आणि अगदी सौम्यपणे म्हणाले, "आकार छान आहे. पण दार बंद आहे. औषध आत शिरतं कुठून?"

"हीच शंका आम्हालाही आहे, सर," तेजश्री म्हणाली.

"परीक्षानळीत औषध तुटतं हे नक्की?"

"नक्की."

"मग दोन्हीतलं एक काहीतरी चुकतंय," असं म्हणून ते चहाला गेले.

हे वाक्य तिच्या मानगुटीवर बसलं. पुढची दीड-दोन वर्षं तिने एकच ध्यास घेतला, झाकण उघडं असताना पकडायचं. मीठ बदललं, आम्लता बदलली, औषधासारखाच दिसणारा पण न तुटणारा पदार्थ घेऊन प्रोटीनशी त्याची जोडी लावून पाहिली. क्रिस्टल यायचे, गोठवले जायचे, ठिपके मोजले जायचे, आणि पडद्यावर झाकण बंद ते बंदच. शेजारच्या टेबलावरचा सुयश, जो तिच्यामागून एक वर्षाने आला होता, तिला म्हणायचा, "टेन्शन नको घेऊस. आपल्या सोसायटीचं गेटपण असंच आहे. वॉचमन आला की उघडतं." तेजश्री हसायची, पण हसू ओठांपर्यंतच.

घरी हे झाकण प्रसिद्ध झालं होतं. रात्री जेवताना भैरू विचारायचे, "उघडलं का गं?" आणि ती मान हलवायची. एकदा मेढ्याहून आत्याच्या ओळखीने एक स्थळ आलं. मुलाचे काका मोठे करारी गृहस्थ. पोहे संपवून त्यांनी विचारलं, "मुलीचं शिक्षण कधी संपायचं?"

भैरू शांतपणे म्हणाले, "झाकण उघडलं की."

काकांनी पुढे काही विचारलं नाही. स्थळही पुढे आलं नाही. बाळाबाई आठवडाभर नवऱ्याशी धड बोलली नाही, आणि तेजश्रीला मात्र कितीतरी महिन्यांनी पोट धरून हसायला मिळालं.

मग तो मे महिना आला. तेजश्रीने पुन्हा एक नवी जोडी लावली होती आणि या वेळी क्रिस्टल असे आले होते की सुयशने बाकीच्या लॅबमधल्या लोकांना बोलावून दाखवले. लांबट, धारदार कडांचे, कुठे एक चीर नाही. पण ते नाजूक होते. आधीच्या खेपेचा अनुभव असा की आठवड्याभरात त्यांच्या कडा विरघळायला लागतात आणि मग थेंबात नुसतं केसाळ गढूळ उरतं. गोठवायची तयारी करून ती यंत्राच्या खोलीत गेली, तर यंत्राची व्यवस्था बघणारे नंदकुमार दारातच उभे.

"नायट्रोजन नाही," ते म्हणाले.

"संध्याकाळी येईल?"

"अगं, तळोज्याला जिथून टँकर येतो तो प्लँटच दुरुस्तीला बंद झालाय. दुसरीकडे विचारलं, त्यांच्याकडे हॉस्पिटलांची रांग आहे. या आठवड्यात विसर. पुढच्या आठवड्याचंही मी काही सांगत नाही."

तेजश्री मॅडमच्या खोलीत गेली आणि उभ्याउभ्याच सगळं सांगितलं.  मॅडमनी ऐकून घेतलं, खिडकीबाहेर पाहिलं, आणि म्हणाल्या, "मग न गोठवता घेऊ."

"म्हणजे कसं?"

"आमच्या वेळी कोण गोठवत होतं? क्रिस्टल काचेच्या केसासारख्या नळीत भरायचा, दोन्ही तोंडं मेणाने बंद करायची आणि आहे त्या हवेत एक्स-रेसमोर ठेवायचा. तो लवकर मरतो. मग दुसरा ठेवायचा."

त्यांनी कोपऱ्यातलं लोखंडी कपाट उघडलं. परिषदांच्या पिशव्या, जुने कॅटलॉग, एक मोडका स्लाइड प्रोजेक्टर हे सगळं बाजूला करून मागून एक थर्माकोलचा डबा काढला. आत कापसात काचेच्या नळ्या होत्या, इतक्या पातळ की श्वास लागला तरी हलाव्यात. मेण मात्र नव्हतं. मॅडमना हवं होतं ते दातांचे डॉक्टर साचा घ्यायला वापरतात तसलं, लवकर वितळणारं. सुयश स्कूटर काढून सेक्टरमधल्या एका डेंटिस्टकडे गेला. तिथे त्याला आधी नंबर लावून बसवलं, मग खुर्चीत बसवलं, आणि त्याने तोंड उघडण्याऐवजी मेण मागितल्यावर डॉक्टरीणबाई हसून हसून बेजार झाल्या. गुलाबी मेणाच्या पट्ट्या घेऊन तो परत आला. बरोबर एक दाढ किडल्याची बातमीही आणली.

सूक्ष्मदर्शकापाशी मॅडम स्वतः बसल्या. लॅबमधली सगळी मुलं मागे उभी. मॅडमना हाताने काम करताना त्यांच्यापैकी कोणी पाहिलंच नव्हतं. त्यांनी नळी उचलली, थेंबाजवळ नेली, आणि नळीचं टोक थरथरायला लागलं. त्यांनी कोपर टेबलावर टेकवलं. थरथर थांबली नाही. नळी भांड्याच्या कडेला लागली आणि कट्‌ करून तुटली. दुसरीही तुटली.

 त्या हात कायम खिशात का ठेवतात हे तेजश्रीला त्या क्षणी कळलं आणि ती दुसरीकडे बघायला लागली.

मॅडमनी मात्र खुर्ची मागे सरकवली. "सात-आठ वर्षं झाली हे सुरू होऊन," त्या साध्या आवाजात म्हणाल्या. "औषध चालू आहे. तेजश्री, तू बस इथे. हात तुझे, बाकी मी."

मग दुपारभर ते चाललं. मॅडम तिच्या खांद्याशी वाकून सांगत होत्या. नळी आधी पाण्यात नको बुडवूस, नुसती टेकव. आता ओढ. हळू. क्रिस्टल नळीत आला की थांब, त्याला बसू दे. आता कागदाच्या बारीक पट्टीने आजूबाजूचं पाणी टीप. सगळं नको, थोडं राहू दे, नाहीतर सुकेल. तेजश्रीचा पहिला क्रिस्टल मोडला. दुसरा नळीच्या भिंतीला आडवा चिकटला. तिसऱ्याला तिने टिपता टिपता पार कोरडं केलं. चौथा नीट बसला. तिने मेण लावलं, मान वर केली आणि मागे वळून पाहिलं, तर मॅडमच्या चेहऱ्यावर असं काही हसू होतं की त्या पंचविशीतल्या वाटल्या.

"बघतेस काय?" त्या म्हणाल्या. "अजून तीन-चार भर. एकाने भागणार नाही."

यंत्रावर क्रिस्टल खरंच भराभर मरत होते. सुरुवातीला ठिपके ठसठशीत, थोड्या वेळाने बाहेरच्या कडेचे फिकट, मग सगळंच धूसर. नंदकुमार एक काढून दुसरा लावत होते. चार क्रिस्टलांची बेरीज करून कसाबसा एक पूर्ण संच मिळाला.

तेजश्रीने आकार काढला आणि तिचं मन खट्टू झालं. आधीचा फोटो स्टुडिओत बसून काढलेला, तर हा धावत्या एसटीच्या खिडकीतून. अणू वेगवेगळे दिसत नव्हते. झाकण जागच्या जागी, बंद. तिने सवयीने पुढची साफसफाई सुरू केली. प्रोटीनभोवती पडद्यावर जिथे जिथे छोटा हिरवा ठिपका, म्हणजे हिशेबात न धरलेलं काहीतरी, दिसे तिथे पाण्याचा एक रेणू बसवायचा, असं ते काम. झाकणाच्या बाजूला तिने एक पाणी बसवलं. त्याला लागून दुसरं, मग तिसरं. चौथं बसवताना तिचा हात थांबला. ही पाण्याची ओळ होती. आणि पाणी असं एका ओळीत, ठरावीक अंतरावर उभं राहत नाही.

तिने चारही रेणू पुसून टाकले. मागे एक फिकट हिरवी रेघ उरली. झाकणाच्या मुळापासून सुटून बाहेर, वर वळत गेलेली. जणू त्याच झाकणाची दुसरी, पुसट सावली.

ती मॅडमकडे धावली. मॅडमनी चष्मा काढून पडद्याजवळ तोंड नेलं, खूप वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, "तुला ते दिसावंसं वाटतंय."

"मॅडम, पण ओळ बघा ना."

"मलाही दिसावंसं वाटतंय. म्हणून आपण दोघींनी यावर बोलायचंच नाही. सुयशला दे. त्याला काही सांगू नकोस. झाकणाचा भाग काढून टाक आणि म्हण, इथे काय बसतंय ते बघ."

तेजश्रीने तसं केलं. नंतरचे दोन दिवस ती सुयशच्या टेबलाकडे फिरकली नाही. चहाला गेली तरी वेगळ्या वेळी. जेवणाच्या सुट्टीत कँटीनमध्ये समोर आला तर हवापाण्याच्या गप्पा मारल्या. तिसऱ्या दिवशी दुपारी तो लॅपटॉप उघडाच धरून आला. तोंड पडलेलं.

"सॉरी, माझं काहीतरी चुकलंय. आख्खा दिवस घालवला. हे झाकण एका जागी बसतच नाहीये. अर्धंमुर्धं इथे, थोडं तिथे. दोन्हीकडे बसवलं तरच जमतंय. असं कसं असेल?"

तेजश्रीने लॅपटॉप त्याच्या हातातून घेतला, टेबलावर ठेवला, आणि त्याला चक्क मिठी मारली. सुयश गोंधळून दारात उभ्या नंदकुमारांकडे बघायला लागला. नंदकुमार म्हणाले, "माझ्याकडे बघू नकोस, मी नायट्रोजनचं बघतो."

गोष्ट तशी साधी होती. साध्या हवेत ते प्रोटीन स्थिर नव्हतंच. झाकण बराच वेळ बंद राहायचं आणि मधूनच उघडायचं, पुन्हा बंद व्हायचं. गोठवताना सगळा पसारा आवळला जायचा आणि झाकण बंद होऊन बसायचं. इतकी वर्षं ती प्रोटीनला आधी थिजवत होती आणि मग ते हलत का नाही म्हणून विचारत होती.

पण पुसट हिरव्या रेघेवर जगाने विश्वास का ठेवावा? हा प्रश्न मॅडमचा. त्यावरचा उपाय तेजश्रीला बसमध्ये सुचला. झाकण हलतं म्हणून औषध आत जात असेल, तर झाकण बांधून टाकायचं. काम थांबलं पाहिजे. सोडायचं. काम सुरू झालं पाहिजे. झाकणावरचा एक मणी आणि खोबणीच्या काठावरचा एक मणी बदलून तिथे गंधक असलेले मणी बसवायचे. दोन गंधक शेजारी आले की आपसांत हात धरतात, झाली कडी. आणि असं एक रसायन मिळतं जे ती कडी सोडवतं.

हे करायला पाच-सहा महिने गेले. बदललेलं प्रोटीन तयार झालं तेव्हा सगळे जमले. चाचणी डोळ्यांनी दिसणारी होती. एक पिवळं औषध घ्यायचं, ते तुटलं की लाल होतं. तेजश्रीने कडी घातलेलं प्रोटीन त्यात टाकलं आणि नळी पाहता पाहता लालभडक झाली.

 बांधलेलं झाकण असताना औषध तुटलं होतं. म्हणजे सगळंच खोटं.

तेजश्री जागेवर बसून राहिली. सुयशने नळी उचलून वास घेतला आणि नाक मुरडलं. "कुजक्या अंड्यासारखा येतोय. यात ते कडी सोडवायचं रसायन आधीपासूनच नाही ना?"

तेजश्रीने कपाळाला हात लावला. प्रोटीन शुद्ध करताना खराब होऊ नये म्हणून ती नेहमीच्या सवयीने तेच रसायन घालत आली होती. कडी घालायच्या आधीच सुटलेली होती. चूक सर्वस्वी तिची, आणि इतकी बाळबोध की मॅडमसुद्धा मोठ्याने हसल्या.

सगळं नव्याने, त्या रसायनाशिवाय शुद्ध केलं. पुन्हा पिवळी नळी. या वेळी प्रोटीन टाकलं आणि नळी पिवळीच राहिली. ते चहा पिऊन आले, पिवळीच. जेवून आले, पिवळीच. मग मॅडम म्हणाल्या, "आता सोड," आणि तेजश्रीने त्या वासाच्या रसायनाचे थेंब टाकले. काही क्षण काही झालं नाही. मग तळाशी नारिंगी झाक आली, वर चढली, आणि नळी लाल झाली.

त्या दिवशी ती लवकर घरी गेली. भैरू नुकतेच मार्केटातून येऊन अंघोळ करून बसले होते. त्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि नेहमीचा प्रश्न विचारलाच नाही. बाळाबाईला हाक मारली, "आगं, उघडलं बग."

"तुमाला कसं कळलं?"

"पोरीच्या तोंडाकडं बग की."

शोधनिबंध छापून यायला वर्ष गेलं, कारण परीक्षकांपैकी एकाने बऱ्याच शंका काढल्या आणि त्यातल्या निम्म्या रास्त होत्या. मग पीएचडीची शेवटची जाहीर तोंडी परीक्षा ठरली. आईवडिलांनी यायचंच असं तेजश्रीने बजावलं. भैरू इस्त्रीचा पांढरा शर्ट आणि टोपी घालून पहिल्या रांगेत बसले, शेजारी काठापदराच्या साडीत बाळाबाई. बोलणं सगळं इंग्रजीत. पण पडद्यावर झाकण उघडताना-मिटताना दिसलं तेव्हा बाळाबाईने नवऱ्याला कोपराने ढोसलं.

शेवटी बाहेरून आलेल्या परीक्षकांनी एक प्रश्न विचारला. झाकण उघडं असण्याचा वेळ औषध आल्यावर वाढतो, की औषध फक्त उघडण्याची वाट बघतं? तेजश्रीने थोडा विचार केला आणि म्हणाली, "आय डोन्ट नो, सर. आमच्या पुराव्यावरून दोन्ही शक्य आहे. हे बघायला झाकण हलत असतानाच मोजावं लागेल."

एवढं इंग्रजी भैरूंना कळलं. परीक्षक आत चर्चेला गेले तसे ते उठून मॅडमपाशी आले. हात जोडून हळूच म्हणाले, "बाई, पोरगी म्हाईत न्हाई म्हनाली. त्यावरनं अडकवतील का?"

मॅडम म्हणाल्या, "उलट आहे, भैरूभाऊ. मी पहिल्या वर्षी विचारलं असतं तर तिने काहीतरी ठोकून दिलं असतं. आता तिला काय माहीत नाही हे नीट सांगता येतं. त्यासाठीच एवढी वर्षं लागतात."

भैरूंनी हे मनात घोळवलं. "म्हंजे पास?"

"पास."

ते परत जाऊन बसले आणि बाळाबाईच्या कानात काहीतरी म्हणाले. तिने डोळ्यांना पदर लावला आणि लगेच काढला, कारण परीक्षक बाहेर आले होते आणि टाळ्या सुरू झाल्या होत्या.

मॅडम पुढच्या वर्षी निवृत्त झाल्या आणि मालवणला भावाकडे राहायला गेल्या. तिकडून त्या तेजश्रीला अधूनमधून फोन करतात, बहुतेक वेळा काहीतरी वाचून. तेजश्री त्याच संस्थेत पुढच्या कामाला लागली. आता ती खारघरला मैत्रिणीबरोबर भाड्याच्या फ्लॅटवर राहते, शनिवारी कोपरखैरण्याला जाते. तिच्या हाती नवं प्रोटीन आहे. त्याचा निम्मा भाग कुठलाच ठरावीक आकार घेत नाही, पाण्यात सुटलेल्या दोऱ्यासारखा सतत वळवळत असतो. क्रिस्टल येण्याची आशाच नाही. म्हणून ती चुंबकाच्या मोठ्या यंत्रावर काम शिकतेय, ज्यात प्रोटीन पाण्यात हलतं आहे तसंच ठेवून मोजता येतं. पहिल्या खेपेला नुसतीच गिचमिड आली. सुयश म्हणाला, यात काय वाचणार?

"बघू," ती म्हणाली, आणि खुर्ची पडद्याजवळ ओढून घेतली.